जाहीरनाम्यातली ‘विशेष मुलं’: उमेदवाराला नेमकं विचारायचं काय?

ओजसची_आई

आमच्याकडे महापालिकेची निवडणूक आहे आणि प्रचार सोसायटीच्या गेटपर्यंत आलाय. माझा मुलगा ११ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम). आजवर उमेदवार यायचे, हात जोडायचे, पत्रक द्यायचे, जायचे. या वेळी गंमत अशी की हातात पडलेल्या तिन्ही पत्रकांत आमच्या मुलांचा उल्लेख आहे.

पहिल्यात ‘विशेष मुलांसाठी अत्याधुनिक थेरपी सेंटर’. दुसऱ्यात ‘प्रत्येक दिव्यांगाला दरमहा ६,००० रुपये मिळवून देणार’. तिसऱ्यात ‘भव्य दिव्यांग भवन’, सोबत इमारतीचं रंगीत चित्र. चित्रात दारासमोर रुंद पायऱ्या आहेत. रॅम्प कुठे दिसला नाही.

आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात यावरून दोन तट पडलेत. काही म्हणतात, निदान आपली दखल तरी घेतली, एवढं कधी कुणी केलं होतं? बाकीचे म्हणतात, सगळे थापाडे, नोटा दाबा. मला दोन्ही पटेना. इथे बरेच अनुभवी पालक आहेत म्हणून विचारते: अशी आश्वासनं तुम्ही कशी जोखता? आणि उमेदवार समोर आला, पाच मिनिटं मिळाली, तर काय विचाराल?

(कृपया पक्षांची नावं नकोत, नाहीतर धागा बंद होईल.)

---

झंप्या_दामले

पायऱ्यांवरून वर न्यायला कार्यकर्ते देणार असतील हो. प्रत्येकी चार.

---

हिशेबनीस

एका महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालोय, त्यामुळे माझी खोड पैशापासून सुरू करायची.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, अगदी ग्रामपंचायत, सगळ्यांनी आपल्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे ३ टक्के होते. म्हणजे नगरसेवक निवडून येवो न येवो, पैसा कागदावर आधीच आहे. उमेदवार तो स्वतःच्या खिशातून देत असल्यासारखा बोलतो, तिथे त्याला थांबवायचं.

माझ्या डोळ्यांदेखत या निधीचं काय व्हायचं ते सांगतो. एप्रिल ते डिसेंबर कुणी हात लावत नाही. जानेवारीत आठवण होते. फेब्रुवारीत घाईघाईने निविदा. मार्चमध्ये सायकली, कुबड्या, शिलाई यंत्रं. जे एका खरेदीत संपतं तेच घेतलं जातं. ज्यावर दर महिन्याला पगार द्यावा लागेल त्याचं नाव कुणी काढत नाही. थेरपी सेंटरचं कोडं इथेच आहे. इमारत भांडवली खर्चातून होते, तिचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. स्पीच थेरपिस्टचा पगार हा महसुली खर्च, तो दरवर्षी लागतो आणि त्याची फीत कापता येत नाही. म्हणून कुलूपबंद सेंटरं दिसतात.

तेव्हा पहिल्या पत्रकवाल्याला विचारा: थेरपिस्ट किती, कोणत्या पदावर, पगार कोणत्या लेखाशीर्षातून? दुसऱ्याला विचारा: ६,००० देणं हे राज्य सरकारचं काम, तुम्ही नगरसेवक होऊन ते कसं मिळवून देणार?

---

मधुमालती

@हिशेबनीस, +१. ‘त्याची फीत कापता येत नाही’ हे आमच्या गटात चिकटवते आहे.

---

जालन्याचा_भाऊ

हिशेबनीस साहेब, तुमचं बरोबर आहे, पण ६,००० चं नाव निघालं की शहरातले पालक नाक मुरडतात ते मला खटकतं. म्हणून सविस्तर लिहितो.

माझी पोरगी २२ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. बसवावी लागते, भरवावं लागतं. गावात थेरपी सेंटर नाही आणि होणारही नाही. तालुक्याला नेऊन आणायचं म्हणजे रिक्षा करावी लागते आणि माझा रोज बुडतो. तिला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी १,५०० चे २,५०० केले. हजार वाढले तर तुम्हाला हसू येईल, आमच्याकडे डायपर त्यातून येतात.

आता यातली मेख ऐका. या योजनेला दिव्यांगाच्या कुटुंबाची वर्षाची उत्पन्न मर्यादा ५० हजार. महिन्याला चार हजार दोनशेच्या आत. गड्याने वर्षभर मजुरी केली तरी त्याच्या वर जातो. म्हणजे तलाठ्याकडून आणि तहसीलमधून दाखला आणताना सगळ्यांनाच ठाऊक असतं की आकडा खरा नाही. उद्या कुणी तक्रार केली की पैसे बंद. आणि लाडक्या बहिणीला मर्यादा किती? अडीच लाख! घर तेच, गाव तेच. बरं, पोरगी २१ च्या पुढची आहे म्हणून तिला ते मिळेल म्हणावं तर दुसऱ्या योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती अपात्र. धडधाकट बहीण अडीच लाखांपर्यंत चालते आणि अंथरुणावरची बहीण ५० हजारांच्या वर गेली की बाद.

मला विचाराल तर उमेदवाराला मी एवढंच म्हणेन: रक्कम वाढवायची तेव्हा वाढवा, आधी ती ५० हजारांची अट उचला.

---

ओजसची_आई

भाऊ, ५० हजारांची अट मला माहीतच नव्हती. आमच्या गटात यावर कधी कुणी बोललेलंच नाही, कारण आमच्यातलं कुणी त्या योजनेत बसत नाही.

---

हिशेबनीस

भाऊ, नाक मुरडलं नाही हो. ६,००० हा आकडा हवेतला नाही हे मलाही ठाऊक आहे. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून दिव्यांगांना महिना ६,००० मिळतात, आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांना १५,०००. आपल्याकडे बच्चू कडूंनी जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, त्यातली एक मागणी हीच होती. मागणी रास्त आहे. माझा मुद्दा एवढाच की ती आमदाराला विचारा, नगरसेवकाला नको. ज्याच्या हातात किल्ली नाही तो दार उघडून देतो म्हणाला तर टाळ्या वाजवू नका.

उत्पन्नाच्या अटीबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

---

फिरता_मास्तर

मी विशेष शिक्षक. बरीच वर्षं कंत्राटी म्हणून काढली. आठवड्याला शाळा बदलत फिरायचं, ज्या मुलांना शाळेत आणताच येत नाही त्यांच्या घरी जायचं. गृहाधारित शिक्षण म्हणतात त्याला. एका घरी पुन्हा पोचेपर्यंत मूल आधीचं विसरलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं. मग केंद्राने २०२२ मध्ये ते जाहीर केलं: प्राथमिकला १० विशेष मुलांमागे १ शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे १. हे मी सभेत एका उमेदवाराला सांगितलं तर तो म्हणाला, “मास्तर, साध्या मुलांना शिक्षक नाहीत, तुम्ही कुठे दहाला एक मागता.” निदान खरं बोलला.

जाहीरनाम्यात ‘प्रत्येक शाळेत समावेशक शिक्षण’ असं वाक्य असतंच. त्यावर एकच प्रश्न विचारा: तुमच्या प्रभागातल्या महापालिका शाळांमध्ये आज विशेष मुलं किती आहेत? आकडा माहीत नसेल तर वाक्य कुठून तरी उचललेलं आहे. आणि पालकांनो, हा आकडा तुम्हालाही माहीत हवा बरं का. मुख्याध्यापकांना विचारा.

---

नोटा_बहाद्दर

सगळं वाचलं. माझी मुलगी १५ ची. तिच्या जन्मापासून प्रत्येक निवडणुकीत काही ना काही ऐकतोय. दिव्यांगांसाठी १९९५ चा कायदा होता, त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार. मग २०१६ चा आला, त्यात २१. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आत आल्या, नोकरीतलं आरक्षण ३ चं ४ टक्के झालं, ६ ते १८ वयाला मोफत शिक्षणाचा हक्क आला. २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, देशात पहिलाच म्हणून पेढे वाटले. आणि माझी मुलगी अजून त्याच खासगी थेरपिस्टकडे जाते, महिन्याचा खर्च घराच्या हप्त्याएवढा.

कायदे झाले, खाती झाली, लोगो झाले. म्हणून नोटा.

---

सावळागोंधळ

@नोटा_बहाद्दर, नोटा दाबून थेरपिस्टची फी कमी झाली का?

---

नोटा_बहाद्दर

नाही. पण मत देऊनही झाली नव्हती.

---

झेंडेवाला

मी एका पक्षाचं बूथचं काम बघतो. पक्ष कुठला ते सांगत नाही, संपादकांनी काळजी करू नये. आतली गोष्ट सांगतो, राग मानू नका.

प्रभागाची यादी घेऊन बसलो की आम्ही मतं गठ्ठ्याने मोजतो. या चाळीत इतकी, त्या मंडळाची इतकी, रिक्षा स्टँडची इतकी. तुमची मुलं प्रत्येक इमारतीत एखाद-दुसरं, विखुरलेली. पालक आपापसांत ओळखतही नाहीत. मग तुमचा गठ्ठा कुणी कसा मोजणार? पत्रकात उल्लेख येतो तो चांगलं दिसतं म्हणून. ते वाक्य लिहिणारा बहुतेक वेळा छपाईवाला पोरगाच असतो, मागच्या पत्रकातून उचलतो. रॅम्प नसलेलं चित्रही तसंच आलेलं असणार.

पण गेल्या खेपेला एका भागात विशेष शाळेच्या पालकांनी आजी-आजोबा, मामा, शेजारी, रिक्षावाले असे सगळे घेऊन बैठक बोलावली. हॉल भरला. उमेदवार स्वतःहून आला आणि वहीत लिहून घेऊ लागला. मी बाजूला उभा होतो म्हणून सांगतो.

---

मधुमालती

आणि निवडून आल्यावर वहीचं काय झालं?

---

झेंडेवाला

शाळेसमोर गतिरोधक आणि बसथांबा झाला. थेरपीचं नाही झालं.

---

विदुला_१९

थोडं विषयांतर, पण मतांचं निघालंय म्हणून विचारते. माझा मुलगा १९ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. मतदार यादीत नाव घालायला गेले तर केंद्रावरचे गृहस्थ म्हणाले, “अशा मुलांना मत नसतं.” खरं आहे का? आम्ही नॅशनल ट्रस्टखाली पालकत्वही घेतलंय, त्यामुळे अडचण येते का?

---

वकीलसाहेब_नव्हे

त्यांनी चुकीचं सांगितलं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १६ प्रमाणे नाव नाकारता येतं ते ‘मनोविकल’ असल्याचं सक्षम न्यायालयाने घोषित केलं असेल तरच. डॉक्टरांचं ७५ टक्क्यांचं प्रमाणपत्र म्हणजे ती घोषणा नव्हे. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खालचं पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते, ती न्यायालय नाही. त्यामुळे नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरा आणि नाही म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेकांचा सूर बदलतो.

केंद्रात सोबती नेण्याचा नियम अंध आणि शारीरिक असमर्थ मतदारांसाठी स्पष्ट आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत केंद्राध्यक्ष काय म्हणेल यावर बरंच अवलंबून. आदल्या दिवशी घरी चिन्हांचा सराव करून घ्या.

---

विदुला_१९

खूप आभार! सराव केला तर तो अपक्षाच्या रोडरोलरलाच मत देणार, त्याला जेसीबी आणि रोडरोलर सोडून काही दिसत नाही. देऊ दे. बाकीचेही फार वेगळ्या कारणाने देतात असं नाही.

---

झंप्या_दामले

रोडरोलरवाला रॅम्प तरी सपाट करेल.

---

जर्सीकर_सुहास

न्यू जर्सीतून. ‘तिकडे सगळं छान’ असं इथल्या पालकांना वाटतं म्हणून एक नोंद. अमेरिकेत विशेष शिक्षणाचा मूळ कायदा १९७५ चा. त्यात केंद्र सरकारने सांगितलं होतं की एका विद्यार्थ्यावर देशात सरासरी जेवढा खर्च होतो त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत भार आम्ही उचलू. आज ते प्रमाण १५ टक्क्यांच्याही खाली आहे. उरलेलं राज्य आणि गावची शाळा देते, म्हणजे घरपट्टीतून आम्हीच. दर निवडणुकीत कुणीतरी ‘४० टक्के पूर्ण करू’ म्हणतं. पन्नास वर्षं तेच चाललंय.

फरक एवढाच की इथे माझ्या मुलीचा आयईपी, म्हणजे तिच्या एकटीचा लेखी शिक्षण आराखडा, शाळेवर बंधनकारक आहे. आठवड्याला किती मिनिटं स्पीच थेरपी ते त्यात लिहिलेलं असतं. दिली नाही तर मी दाद मागू शकतो आणि त्याला नेत्याच्या शब्दाची गरज नाही. तेव्हा माझं मत: सेंटर मागण्यापेक्षा तक्रार कुठे करायची आणि किती दिवसांत उत्तर मिळेल ते मागा.

---

कोचीनिवासी_देशपांडे

जर्सीपर्यंत कशाला जायचं, केरळात या की. इथे बौद्धिक अक्षम मुलांसाठी ‘बड्स’ शाळा आहेत, त्या ग्रामपंचायती आणि नगरपालिका चालवतात, कुटुंबश्रीची, म्हणजे तिथल्या सरकारच्या महिला बचतगटांच्या जाळ्याची, साथ असते. म्हणजे मूल घरापासून लांब जात नाही आणि शाळा बंद पडली तर पंचायत सदस्याला रस्त्यात गाठता येतं. पूर्णवेळ काळजी घेणाऱ्या माणसालाही महिना ६०० रुपये देण्याची योजना आहे. रक्कम हास्यास्पद आणि तीही वेळेवर येत नाही अशी ओरड असते, पण ‘आईचं काम हे काम आहे’ हे निदान सरकारी कागदावर आलं.

@हिशेबनीस, तुमचे ५ टक्के महाराष्ट्रात अशा शाळेला वापरता येतील का?

---

हिशेबनीस

वापरता यावेत, पण त्यासाठी दरवर्षीची तरतूद आणि पदमंजुरी लागेल. पुन्हा तेच, पगार.

---

मांडवीकाठ

पणजीतून लिहितेय. जानेवारी २०२३ मध्ये आमच्याकडे पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा मीही कुरकुरले होते की जत्रेने काय होणार. थोडं झालं. माझ्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याला घेऊन बाहेर पडलं की लोक टक लावून बघायचे, ते कमी झालंय. पण फेस्ट संपला की फुटपाथ पुन्हा तसाच, व्हीलचेअरवाल्याने रस्त्यावरून जायचं. पुढाऱ्यांना उत्सव जमतो, फुटपाथ जमत नाही. पहिल्यासाठी तारीख असते.

---

संपादक_मंडळ

धागा चांगला चाललाय. दोन प्रतिसाद उडवले आहेत (नेत्यांच्या आडनावांवरच्या कोट्या). विषयावर राहा.

---

नोटा_बहाद्दर

त्यातला एक माझा होता. चांगला होता.

---

फिरता_मास्तर

एक राहून गेलं होतं. १८ नंतरचं कुणी विचारत नाही. विशेष शाळा १८ ला संपते. मग कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मूल घरी. माझे जुने विद्यार्थी तिशीत आहेत आणि दिवसभर टीव्हीसमोर. आईवडील सत्तरीत. जाहीरनाम्यातलं मूल नेहमी सहा वर्षांचं, गोड, हातात रंगीत ठोकळे. दाढी आलेलं मूल मी अजून एकाही पत्रकावर पाहिलेलं नाही.

---

जालन्याचा_भाऊ

मास्तर, याच्यावर काही बोलत नाही. रात्री झोप येत नाही या विचाराने.

---

ओजसची_आई

तुम्हा सगळ्यांचं वाचून आम्ही गटातले काही जण काल दोन उमेदवारांना भेटलो. तिसऱ्याने, म्हणजे भवनवाल्याने, वेळ दिली नाही.

६,००० वाल्याला विचारलं, तुम्ही कसं मिळवून देणार? “वरपर्यंत पाठपुरावा करू.” मग भाऊंची ५० हजारांची अट काढली. त्याला ती माहीत नव्हती. त्याच्यासोबतच्या कार्यकर्तीला होती, तिच्या आत्याचे पैसे त्याच कारणाने बंद झालेले. ती पुढचा सगळा वेळ आमच्या बाजूने बोलली. उमेदवारापेक्षा तिचा नंबर घेऊन आलो.

थेरपी सेंटरवाल्या बाई तयारीने आल्या होत्या. शिक्षकांचा आकडा सांगू शकल्या नाहीत, पण ५ टक्के निधीतला किती खर्च झाला ते माहितीच्या अधिकारात काढून देईन म्हणाल्या. ‘तुम्ही कशाला, आम्हीच काढतो, तुम्ही त्यावर सभागृहात प्रश्न विचाराल का’ असं विचारलं. हो म्हणाल्या. लेखी द्या म्हटलं तर हसल्या. दिलं नाही.

मी त्यांनाच मत देणार बहुतेक. सेंटर होईल असं वाटत नाही. पण तिघांत प्रश्न कळलेल्या त्या एकट्याच.

---

सावळागोंधळ

लेखी न देणाऱ्याला मत? हम्म.

---

ओजसची_आई

लेखी देऊन विसरणारे पाहिलेत आधी. आणि घरी बसून तरी काय करू?

---

झेंडेवाला

ताई, कार्यकर्तीचा नंबर घेतलात ते सगळ्यात भारी केलंत. उमेदवार पाच वर्षांनी दिसतो, ती रोज भाजी घ्यायला येते.

---

हिशेबनीस

माहिती अधिकाराचा अर्ज असा करा: मागच्या तीन आर्थिक वर्षांत दिव्यांग निधीची तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, कोणत्या बाबीवर, कोणत्या महिन्यात, आणि लाभार्थींची प्रकारानुसार संख्या. ‘प्रकारानुसार’ लिहायला विसरू नका, नाहीतर सगळं एकाच आकड्यात गुंडाळून देतात आणि स्वमग्न मुलांवर काय खर्च झाला ते कळतच नाही. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महिन्यांचा तक्ता आला की इथे टाका, मार्चचा रकाना मला बघायचाय.

---

विदुला_१९

नमुना ६ भरला! त्या गृहस्थांना लेखी नकार मागितला तर चहा विचारला त्यांनी.

---

मधुमालती

@हिशेबनीस, हाच अर्ज ग्रामपंचायतीलाही चालेल ना? माझ्या माहेरी सरपंच म्हणतात असा काही निधीच नसतो.

---

हिशेबनीस

चालेल. ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे ग्रामसेवकाच्या (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) नावाने करा, सरपंचाच्या नको.